क्रूझवरून एका दिवसासाठी किनाऱ्यावर: हाती येणारे सहा तास कसे वापरावेत

क्रूझच्या वेळापत्रकात एखाद्या बंदरापुढे ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ असे छापलेले असते आणि वाचणारा मनाशी दहा तासांची नोंद करून मोकळा होतो. हे दहा तास जहाजाचे असतात, प्रवाशाचे नव्हेत. आठ ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ असते. त्यानंतर दोर बांधले जातात, शिडी लावली जाते, बंदरातील अधिकारी कागदपत्रे पाहून प्रवाशांना उतरू देण्याची परवानगी देतात, आणि या सगळ्याला कधी पंधरा मिनिटे तर कधी तासभर लागतो. दुसऱ्या टोकाला सहा ही जहाज सुटण्याची वेळ असते. प्रवाशांनी परत जहाजावर येण्याची अंतिम वेळ साधारणपणे त्याच्या अर्धा तास आधीची, काही बंदरांत तासभर आधीचीही असते. शहरातल्या एका दिवसाचे जे काही नियोजन करायचे, त्याची सुरुवात या अंतिम वेळेपासून उलटे मोजत करावी, असे माझे ठाम मत आहे.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. परत येण्याची अंतिम वेळ ५.३० असेल, तर स्वतःसाठी एक तासाची राखीव वेळ सोडून ४.३० ला जहाजापाशी पोहोचायचे असे ठरवावे. शहराच्या मध्यापासून धक्क्यापर्यंत पाऊण तास लागत असेल, तर शहर ३.४५ ला सोडावे लागेल. सकाळी शिडीवरून खाली उतरायला ८.४५ झाले आणि शहरात पोहोचायला पाऊण तास लागला, तर दिवस सुरू होतो तो ९.३० ला. म्हणजे हाती राहिले सव्वासहा तास. त्यातून जेवण, स्वच्छतागृह, तिकिटाची रांग आणि थोडे टेकणे वजा केले की फिरण्यासाठी पाच तास उरतात. हा आकडा निराश करणारा वाटतो खरा. पण पाच तासांत काय जमेल हे ज्याला आधी माहीत आहे, त्याचा दिवस दहा तासांचे मनोरे रचून निघालेल्या माणसापेक्षा हमखास चांगला जातो.

बंदराचे नाव आणि शहराचे नाव

आरक्षण करतानाच पाहायची पहिली गोष्ट म्हणजे माहितीपत्रकात लिहिलेले शहर आणि जहाज प्रत्यक्ष जेथे लागते ते बंदर यांच्यातील अंतर. ‘रोम’ असे लिहिलेले असते तेव्हा जहाज चिविताव्हेक्किया येथे लागते आणि तेथून रोम सुमारे ८० किलोमीटरवर आहे. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, सुमारे ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचे वार्नेम्युंडे, आणि तेथून बर्लिनला जाऊन येण्यातच पाच-सहा तास सहज खर्ची पडतात. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लाएम चाबांग, तेही शंभर किलोमीटरहून अधिक लांब. लंडनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक फेऱ्या प्रत्यक्षात साउथॅम्प्टनहून सुटतात, हेही याच जातीचे उदाहरण.

याच्या उलट काही बंदरे प्रवाशाला अक्षरशः शहराच्या दारात आणून सोडतात. लिस्बनमधील सांता अपोलोनिया भागातला धक्का अल्फामा या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी आहे. माल्टातील व्हॅलेटा येथे जहाज ग्रँड हार्बरमध्ये लागते, तटबंदी डोक्यावरच उभी असते, आणि खालून वर अप्पर बराक्का बागेत नेणारी सुमारे ५८ मीटर उंचीची लिफ्ट चढाचा प्रश्न सोडवते. अथेन्सचे बंदर असलेल्या पिरेयसपासून शहराच्या मध्यभागापर्यंतचे अंतर मेट्रोने कापता येते. मधल्या गटातली बंदरेही पुष्कळ आहेत. डुब्रोव्हनिकचे ग्रुझ बंदर जुन्या शहराच्या पिले दरवाजापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. बार्सिलोनात मोठी जहाजे लांबलचक अदोसात धक्क्यावर लागतात आणि प्रवाशांना शटल बसने ला राम्बला रस्त्याच्या टोकाशी असलेल्या कोलंबसच्या स्मारकापर्यंत यावे लागते.

माझा स्वतःचा नियम असा, की एका बाजूच्या प्रवासाला दीड तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर त्या प्रसिद्ध शहराचा मोह सोडून बंदराजवळचे काही पाहावे. हे ऐकायला नको वाटते. पण ल हाव्रहून पॅरिसला गेलेला प्रवासी दिवसाचा मोठा भाग बसच्या खिडकीतून महामार्ग पाहत घालवतो. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले आणि ऑग्युस्त पेरे या वास्तुरचनाकाराच्या नेतृत्वाखाली काँक्रीटमध्ये पुन्हा उभे राहिलेले ल हाव्रचे मध्यवर्ती शहर २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि ते धक्क्यापासून जवळ आहे. सीन नदीच्या मुखापलीकडचे ऑंफ्लर हे जुने बंदरही अर्ध्या दिवसात निवांत पाहून होते. लिव्होर्नोहून पिसा किंवा लुक्का, चिविताव्हेक्कियाहून एट्रुस्कन लोकांच्या रंगवलेल्या थडग्यांसाठी प्रसिद्ध असलेले तार्क्विनिया, वार्नेम्युंडेहून रोस्टॉक असे पर्याय जवळपास प्रत्येक बंदराला असतात. अर्थात आयुष्यात एकदाच रोम पाहण्याची संधी असेल, तर ८० किलोमीटर जावे. मात्र त्या दिवशी रोममधील एकच भाग पाहायचा हे आधीच मान्य करून जावे.

नांगर टाकणाऱ्या जहाजांचे वेगळे गणित

सगळीच जहाजे धक्क्याला लागत नाहीत. बंदर उथळ असेल किंवा धक्का अपुरा असेल, तर जहाज बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. या बोटींना टेंडर म्हणतात आणि बऱ्याचदा त्या जहाजाच्याच जीवरक्षक बोटी असतात. वेळापत्रकात बंदराच्या नावापुढे ‘टेंडर’ असा शब्द किंवा नांगराचे चिन्ह दिसले, तर वरच्या हिशेबातून दोन्ही बाजूंनी मिळून निदान तास-दीड तास आणखी वजा करावा. जहाज कंपनीच्या सहलीला नाव दिलेल्यांना सहसा पहिल्या बोटींत जागा मिळते. इतरांनी सकाळी ठरलेल्या जागी जाऊन क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत थांबायचे असते. चिठ्ठी लवकर घेणारा लवकर उतरतो, एवढेच त्यातले कौशल्य.

सँटोरिनी हे ग्रीक बेट याचे उत्तम उदाहरण आहे. ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात जहाज थांबते, बोट जुन्या बंदरात आणून सोडते, आणि फिरा हे गाव कड्याच्या माथ्यावर असते. वर जाण्यासाठी केबल कार किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या. सकाळी ही रांग सुसह्य असते; दुपारी मात्र दोन-तीन जहाजांचे प्रवासी एकाच वेळी खाली उतरू लागतात तेव्हा तीच रांग दिवसातला सर्वांत मोठा धोका ठरते. अशा ठिकाणी शेवटच्या बोटीची वेळ पाहून चालत नाही, केबल कारच्या रांगेत उभे राहण्याची वेळ पाहावी लागते. कोणत्याही बंदराची अशी एखादी अरुंद जागा असते, मग ती केबल कार असो, एकच पूल असो किंवा तासाला एक सुटणारी गाडी असो. ती आधी शोधून ठेवावी.

टेंडरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान ते बंदर पूर्णपणे रद्द करू शकतो, त्यामुळे अशा ठिकाणची तिकिटे परतावा मिळेल अशीच घ्यावीत. आणि हलत्या बोटीत पाऊल टाकणे चाकाच्या खुर्चीवरील किंवा गुडघे दुखणाऱ्या प्रवाशाला अवघड जाते. काही वेळा कर्मचारी सुरक्षिततेसाठी नकारही देतात. घरातले ज्येष्ठ बरोबर असतील, तर मार्ग निवडतानाच किती बंदरे टेंडरची आहेत हे मोजावे.

वार, गर्दी आणि आगाऊ तिकिटे

आरक्षण झाल्यावरचा पुढचा टप्पा म्हणजे प्रत्येक बंदराची तारीख कोणत्या वारी येते हे पाहणे. फ्लोरेन्समधील उफिझी संग्रहालय सोमवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असतात. सार्वजनिक सुट्या आणि धार्मिक सण यांचाही विचार करावा लागतो, कारण त्या दिवशी दुकानेच नव्हे, तर बस आणि रेल्वेच्या फेऱ्याही कमी होतात.

त्यानंतर त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजे येणार आहेत ते पाहावे. बहुतेक बंदर प्रशासनांच्या संकेतस्थळांवर येणाऱ्या जहाजांची यादी महिनोन्‌महिने आधी लावलेली असते. २०२४ च्या जानेवारीत सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी असतात. एवढी दोन जहाजे एखाद्या छोट्या शहरात एकाच सकाळी रिकामी झाली तर काय होत असेल, याची कल्पना करता येईल. म्हणूनच काही शहरांनी स्वतःहून मर्यादा घातल्या आहेत. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को या प्रसिद्ध चौकासमोरून आणि जुडेक्का कालव्यातून जाण्यास मनाई आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ असे लिहिलेल्या फेरीचे जहाज आता मार्गेरा येथे, किंवा थेट रावेन्ना अथवा त्रिएस्ते येथेही लागू शकते. अलास्कातील जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा ठेवली आहे. गर्दीचा दिवस असल्याचे कळले म्हणून आपण बंदर बदलू शकत नाही. पण त्या दिवशी सर्वांत प्रसिद्ध स्थळाऐवजी दुसरे निवडणे आपल्या हातात असते.

वेळेची खिडकी ठरवून दिलेली तिकिटे आता बऱ्याच ठिकाणी सक्तीची झाली आहेत. अथेन्समधील अॅक्रोपोलिसला सप्टेंबर २०२३ पासून तासागणिक प्रवेशाची पद्धत आहे आणि दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. अशी तिकिटे घेताना नवखा प्रवासी सकाळची सर्वांत लवकरची वेळ निवडतो आणि जहाज उतरायला अर्धा तास उशीर झाला की ते तिकीट वाया जाते. जहाज धक्क्याला लागण्याच्या छापील वेळेनंतर निदान अडीच तासांनी असलेली वेळ घ्यावी. त्याआधी पोहोचलोच, तर शेजारच्या गल्ल्या पाहून होतील.

कंपनीची सहल, स्थानिक सहल की स्वतःचे स्वतः

या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही, आणि जे लोक ‘कंपनीच्या सहली म्हणजे लूट’ असे एका वाक्यात सांगतात त्यांनी बहुधा जवळची बंदरेच पाहिलेली असतात. कंपनीच्या सहलीची किंमत जास्त असते, गट मोठा असतो, आणि एखाद्या दुकानासमोर अर्धा तास थांबणे हे त्यात जवळपास ठरलेले असते. पण त्या किमतीत एक हमी असते. सहलीची बस वाहतुकीत अडकली तर जहाज थांबते, आणि थांबणे अशक्य असेल तर प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतः गेलेल्या प्रवाशासाठी असे कोणी थांबत नाही.

जहाज का थांबत नाही, हे समजून घेतले की कप्तानावरचा राग कमी होतो. जहाज सोडण्यासाठी बंदराचा मार्गदर्शक कप्तान म्हणजे पायलट, गरज असल्यास जहाज ओढणाऱ्या टग बोटी आणि दोर सोडणारी माणसे ठरावीक वेळेसाठी बोलावलेली असतात. धक्क्यावर दुसरे जहाज यायचे असू शकते, काही ठिकाणी भरती-ओहोटीही सांभाळावी लागते. शिवाय इथे गेलेला वेळ समुद्रात भरून काढायचा तर वेग वाढवावा लागतो, आणि जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दहा टक्के वाढवला तर शक्ती दहा टक्के नव्हे, तर सुमारे एकतृतीयांशाने अधिक लागते. दोन प्रवाशांच्या खरेदीसाठी एवढे इंधन कोणी जाळत नाही.

म्हणून मी निवड अंतरावर सोपवतो. शहर चालत जाण्याजोगे किंवा एका शटल बसच्या अंतरावर असेल, तर स्वतः जावे. तेथे कंपनीच्या सहलीचा उपयोग फारसा नाही. पाऊण ते दीड तासाचे अंतर असेल आणि रेल्वे वारंवार असेल, तर स्वतः जाता येते, मात्र परतीसाठी ठरवलेल्या गाडीनंतर आणखी दोन गाड्या असल्या पाहिजेत. त्याहून लांब, किंवा रस्ता एकच आणि घाटाचा असेल, तर कंपनीची सहल घ्यावी. स्थानिक सहल चालवणारे लोक या दोन्हींच्या मधले असतात. गट लहान, भाव कमी, आणि क्रूझचे प्रवासी रोज नेणारे असतील तर वेळेचे भान चोख. आरक्षणापूर्वी त्यांना दोनच प्रश्न लेखी विचारावेत: जहाजाने बंदर रद्द केले तर पूर्ण पैसे परत मिळतील का, आणि परतीला उशीर झाला तर जबाबदारी कोणाची. उत्तर गोलमोल आले तर दुसरा शोधावा.

व्हिसाबद्दल थोडक्यात पण गांभीर्याने. क्रूझवर असल्यामुळे व्हिसाची गरज संपत नाही; तुमच्या पासपोर्टला ज्या देशाचा व्हिसा लागतो तो सामान्यतः बंदरातही लागतो, आणि काही देश क्रूझच्या प्रवाशांना देत असलेली सवलत ही त्या त्या देशाची बाब असते. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, निघालेले जहाज मध्ये तुर्कस्तान, माँटेनेग्रो किंवा ब्रिटनला जाऊन परत शेंगेनमध्ये येत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, अनेक प्रवेशांचा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नये.

आदल्या रात्री

जहाजावर रोज संध्याकाळी केबिनमध्ये किंवा कंपनीच्या अॅपवर दुसऱ्या दिवसाचे पत्रक येते. त्यात परत येण्याची अंतिम वेळ, शिडी कोणत्या मजल्यावर लागेल, शटल बसच्या वेळा आणि बंदरातील प्रतिनिधीचा पत्ता व दूरध्वनी असतो. या प्रतिनिधीला पोर्ट एजंट म्हणतात. जहाज चुकलेल्या प्रवाशाचा तोच आधार असतो. त्या पानाचे छायाचित्र फोनमध्ये घ्यावे आणि क्रमांक कागदावरही उतरवून ठेवावा, कारण फोनची बॅटरी नेमकी अशाच दिवशी संपते.

शहराचा नकाशा जहाजाच्या वाय-फायवर किंवा आधीच्या बंदरात असतानाच इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून घ्यावा. त्यात ‘बंदर’ असे ढोबळ ठिकाण न खुणावता नेमका धक्का खुणावावा. मोठ्या बंदरांत क्रूझचे चार-पाच धक्के असतात आणि ते एकमेकांपासून काही किलोमीटर लांब असू शकतात, आणि टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ’ म्हटले तर तो आपल्या अंदाजाने कोठेही सोडतो. समुद्रात असताना फोन विमानातल्या स्थितीतच ठेवावा. जहाजावरचे मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालते आणि सामान्य रोमिंग योजनांत ते बहुधा नसते. किनाऱ्यावर उतरल्यावर मगच फोन सुरू करावा.

घड्याळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. जहाजाची स्वतःची वेळ असते आणि ती प्रत्येक बंदराच्या स्थानिक वेळेशी जुळवली जातेच असे नाही. मेक्सिकोतील कोझुमेल हे बेट ज्या राज्यात आहे तेथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ पाळली जाते, तर फ्लोरिडातील घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे जातात. फ्लोरिडाहून निघालेले जहाज उन्हाळ्यात आपलीच वेळ पाळत असेल, तर किनाऱ्यावर फोन चार दाखवत असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो, म्हणून घात होतो तो फोनमुळेच. उपाय साधा आहे: एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावे आणि दिवसभर त्याला हात लावू नये. शिडी उतरताना तेथे लावलेल्या फलकावरची अंतिम वेळ त्याच घड्याळाशी पडताळून घ्यावी.

पिशवी हलकी असावी. जहाजाचे कार्ड, छायाचित्र असलेले ओळखपत्र, पासपोर्टची प्रत, थोडी स्थानिक रोकड, दोन वेगवेगळी कार्डे, पाणी, टोपी, पातळ वारारोधक जाकीट, फोनसाठी पॉवर बँक, आणि रोजची औषधे एका दिवसाची नव्हे तर दोन दिवसांची. मूळ पासपोर्ट बरोबर न्यावा की केबिनच्या तिजोरीत ठेवावा, याचा निर्णय त्या बंदराच्या नियमावर सोडावा. तो नियम पत्रकात दिलेला असतो. मंदिर, चर्च किंवा मशीद पाहायची असेल तर खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. जहाजावरच्या न्याहारीतली फळे किंवा सँडविच पिशवीत टाकून नेण्याची सवय मात्र सोडावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांसारख्या देशांत ताजी फळे किनाऱ्यावर नेणे हा दंडनीय प्रकार आहे, आणि बंदराच्या दारात वास घेणारी कुत्री आपले काम मन लावून करतात.

सकाळ आणि शहरातले तास

उतरण्याच्या दोन वेळा चांगल्या असतात: परवानगीची घोषणा झाल्याबरोबर, किंवा सहलींचे गट निघून गेल्यावर तासाभराने. मधला काळ लिफ्टसमोर उभे राहण्यात जातो. लवकर जायचे असेल तर न्याहारी घोषणेच्या आधी आटपावी आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरावे. खाली आल्यावर मागे वळून धक्क्याच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, आणि शटलच्या पहिल्याच थांब्यावर शेवटची परतीची बस किती वाजता आहे हे चालकाला विचारावे. छापलेली वेळ आणि चालकाने सांगितलेली वेळ यांत फरक असल्यास दोन्हींपैकी आधीची वेळ खरी धरावी.

शहरात गेल्यावरचा क्रम एका तत्त्वावर बेतावा: सर्वांत लांबचे ठिकाण सर्वांत आधी, आणि जसजसा दिवस कलेल तसतसे बंदराच्या जवळ येत जावे. सकाळी पाय ताजे असतात, रस्ते मोकळे असतात आणि चुकीला वाव असतो. दुपारी दोननंतर जे काही पाहायचे ते धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या आत असले, की मनावरचे ओझे उतरते आणि माणूस घड्याळाकडे न पाहता एखाद्या बाकावर बसू शकतो. या क्रमाला मी फक्त एकच अपवाद करतो, तो म्हणजे वेळेचे तिकीट असलेले स्थळ.

यादी किती मोठी असावी? एक मुख्य गोष्ट, एक वस्ती आणि एक राखीव पर्याय, एवढीच. मुख्य गोष्ट म्हणजे एखादे संग्रहालय, किल्ला, टेकडी किंवा समुद्रकिनारा, ज्याला दीड ते दोन तास मनापासून द्यायचे. वस्ती म्हणजे त्याच्या आजूबाजूचा असा भाग, जिथे ठरवून काहीच न करता तासभर चालायचे. राखीव पर्याय पावसासाठी, संपासाठी किंवा अनपेक्षित रांगेसाठी. चार स्थळांची यादी केलेला प्रवासी चारही ठिकाणी दारापर्यंत जातो, छायाचित्र काढतो आणि पुढे पळतो. संध्याकाळी त्याला विचारले तर त्याच्या बोलण्यात रस्त्यांचीच वर्णने जास्त येतात. सर्व बसगाड्या जेथे थांबतात ती दोन-चार ठिकाणे साधारण दहा ते एक या वेळेत तुडुंब भरलेली असतात. तेवढ्या वेळात वस्तीत फिरून घ्यावे आणि प्रसिद्ध चौकात दुपारी जावे, म्हणजे सहलींचे गट जहाजाकडे परतू लागलेले असतात.

जेवण बाराच्या आधी किंवा दोननंतर घ्यावे आणि मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत शिरून जागा शोधावी. जहाजावर जेवण मिळणारच असते, म्हणून किनाऱ्यावर न जेवता राहणारे लोक आहेत. त्यांची काटकसर मला कळते, पण शहराची चव घेण्याची एकमेव दुपार ते गमावतात. बसून सावकाश जेवायला दीड तास जाईल एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. वेळ कमी असेल तर बाजारात उभ्याने खावे.

टॅक्सी करायची झाली तर बंदराच्या फाटकातल्या पहिल्या गाडीत लगेच बसू नये. फाटकाबाहेर शंभर-दोनशे पावले चालल्यावर भाव अनेकदा उतरतो. दिवसभरासाठी गाडी ठरवताना रक्कम, चलन, माणसांची संख्या, थांबण्याचा वेळ आणि परत धक्क्यापर्यंत सोडणे हे सर्व बसण्यापूर्वी बोलून घ्यावे, आणि पूर्ण पैसे परत आल्यावरच द्यावेत. पैसे आधीच मिळालेला चालक दुसरे भाडे घ्यायला जाऊ शकतो.

लहान मुले बरोबर असतील तर वरच्या यादीतील मुख्य गोष्ट म्हणून समुद्रकिनारा किंवा बाग निवडण्यात कमीपणा नाही. तीन बंदरे सलग तीन दिवस आली असतील, तर तिसऱ्या दिवशी सकाळी उशिरा उतरून फक्त तीन तास फिरणेही चालते. रिकाम्या जहाजावरची शांत सकाळ ही अनुभवी प्रवाशांची जपलेली चैन आहे.

परतीचा रस्ता

निघण्याची वेळ ठरवून घड्याळात गजर लावावा आणि तो वाजला की त्या क्षणी जे चालू असेल ते थांबवावे. ‘जाता जाता एवढे पाहून घेऊ’ हे वाक्य जितक्या जणांनी उच्चारले असेल, तितक्या जणांना पुढे धक्क्यावरून धावावे लागले असेल. शेवटच्या तासात शटलला आणि टेंडरला सर्वांत मोठ्या रांगा असतात, शिडीपाशी सामानाची क्ष-किरण तपासणी असते, आणि उन्हात अर्धा तास उभे राहावे लागू शकते. विकत घेतलेल्या मद्याच्या बाटल्या बहुतेक कंपन्या तेथेच ताब्यात घेऊन प्रवासाच्या शेवटी परत देतात. चाकू, सुऱ्या किंवा तशा शोभेच्या वस्तू अडवल्या जातात, म्हणून त्या घेण्याआधीच विचार करावा.

शिडीवर कार्ड दाखवताच तुमची नोंद होते, म्हणजे अंतिम वेळेला कोण परतलेले नाही हे जहाजाला नेमके माहीत असते. उशीर होणार असे दिसताच पोर्ट एजंटला किंवा पत्रकात दिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. तुम्ही दहा मिनिटांवर आहात हे कळले तर काही वेळा मदत होते; काहीच न कळवता गेलेल्या वेळेचा मात्र कोणी विचार करत नाही.

तरीही जहाज गेलेच, तर समुद्राकडे पाहत उभे राहण्यापेक्षा थेट एजंटचे कार्यालय गाठावे. अनेक कंपन्या अशा प्रसंगी केबिनच्या तिजोरीतील पासपोर्ट काढून एजंटकडे देऊन जातात. पुढचे बंदर त्याच देशात असेल तर रेल्वेने किंवा बसने गाठणे सहसा सर्वांत सोपे. दुसऱ्या देशात असेल तर व्हिसा आणि विमान दोन्ही पाहावे लागतात, आणि खर्च तुमचाच असतो. कोणत्याही तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी तुम्ही त्या बंदरात पुन्हा जहाजावर चढू शकता का, हे एजंटकडून निश्चित करून घ्यावे. अमेरिकेत १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्यावर निर्बंध आहेत, आणि मध्येच चढण्या-उतरण्याने तो नियम मोडला तर दंडाची रक्कम प्रवाशाकडून वसूल होऊ शकते. प्रवास विम्यात अशा खर्चाची भरपाई असेलच असे समजू नये. अनेक पॉलिसींत स्वतःच्या उशिराने जहाज चुकणे वगळलेले असते, म्हणून ते कलम घरून निघण्यापूर्वी वाचावे आणि पॉलिसीचा क्रमांक एजंटच्या क्रमांकाशेजारी, त्याच कागदावर लिहून ठेवावा.